जिप्सीच्या ब्लोअरला स्वतःचं ऑईल: बेळगावच्या उद्यमबागेतल्या नोंदी

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

जिप्सीला बसवायचा ब्लोअर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर, एकदाचा आला. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातनं घेतलेला, लहान सेंट्रीफ्यूगल, नेमप्लेट घासून गेलेली. पुलीवर खडूने खूण केली, एक फेरा हाताने फिरवला आणि इंपेलरचे (आतल्या हवा ढकलणाऱ्या पंख्याचे) फेरे मोजले तर साडेतीनला थोडे कमी भरतात. क्रँकची पुली १४० ची करणार, ब्लोअरची ७० ची, म्हणजे तिथंच दुप्पट झालं, वर आतला गिअर साडेतीन, म्हणजे एकूण सातपट. इंजिन ६००० ला असेल तेव्हा इंपेलर ४२,००० आरपीएम, सेकंदाला ७०० फेरे. हा आकडा वहीत लिहिला तेव्हाच ठरवलं की ऑईलच्या बाबतीत कुठंच जुगाड करायचा नाही.

गाडी जिप्सी, १३०० सीसी एमपीएफआय, ८० हॉर्सपॉवरवाली. बेळगावात मराठा रेजिमेंटचं सेंटर असल्यामुळे कॅम्पात ही गाडी लहानपणापासून बघत आलोय, तिच्यावर जीव तिथनंच जडला. एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असला बदल करून गाडी रस्त्यावर फिरवता येत नाही, म्हणून ही गाडी दाजींच्या शेतात आणि बंद जागेतच पळणार, तिथपर्यंत न्यायची ती टेम्पोवर घालून.

७ फेब्रुवारी

सुपरचार्जरला ऑईल कुठनं मिळतं याचे तीन प्रकार आहेत. मिनी कूपर एसवर किंवा मर्सिडीजच्या कॉम्प्रेसर गाड्यांवर ईटनचे जे रूट्स ब्लोअर होते त्यांच्या नाकात थोडं ऑईल सीलबंद असतं, बाहेरनं काही जोडायचं नाही. रोट्रेक्सवाल्यांचं स्वतःचं ऑईल, स्वतःची टाकी, स्वतःचा कूलर, पंप ब्लोअरच्या आतच. आणि व्होर्टेकचे जुने व्ही-१, व्ही-२ इंजिनचंच ऑईल घेतात, प्रेशर स्विचच्या जागी टी टाकून बारीक पाईप वर आणायचा आणि परतीचा जाड पाईप सम्पला (इंजिनखालच्या ऑईलच्या भांड्याला) भोक पाडून आत सोडायचा. माझा ब्लोअर या तिसऱ्या जातीचा.

सम्पला भोक मला पाडायचं नाही. जिप्सीचा पुढचा ॲक्सल एकसंध, पाट्यांवर बसवलेला, खड्ड्यात चाक गेलं की अख्खा ॲक्सल वर येतो आणि इंजिनच्या पोटाजवळ पोचतो, तिथं परतीचा पाईप ठेवला तर पहिल्याच उडीत चेपणार. दुसरं म्हणजे ब्लोअरचा एखादा गिअर किंवा बेअरिंग गेलं तर त्याचा चुरा सरळ इंजिनात, आणि इंजिनचं काळं झालेलं गरम ऑईल ४२,००० वर फिरणाऱ्या बेअरिंगात. दोघांचं बिऱ्हाड वेगळं असलेलं बरं.

मामांना सांगितलं. ते चाळीस वर्षं लेथवर, कन्नड-मराठी दोन्ही एका वाक्यात बोलतात. म्हणाले, "अरे हायड्रॉलिकच्या गावात राहतोस आणि दोन बार दाबाच्या ऑईलची काळजी करालास? आपण इथं दोनशे बारवर जॅक चालवतो की." खरं आहे ते, उद्यमबागेत हायड्रॉलिकची एखादी वस्तू मिळाली नाही असं सहसा होत नाही, मी स्वतः सिलिंडरच्या कामात पंधरा वर्षं काढलीत. मलाही ते सोपंच वाटलं होतं.

११ फेब्रुवारी, रविवार

ब्लोअरबरोबर जुनं फीड फिटिंग (ऑईल आत घेतं ते तोंड) आलेलं, आटे गेलेले, पण आत बारीक भोक शाबूत. पिन गेज घातली, ०.८ एमएम. हीच सगळ्यात कामाची माहिती, कारण ज्याने ब्लोअर बनवला त्यानेच किती ऑईल द्यायचं ते तिथं लिहून ठेवलंय. हिशेब केला: ०.८ च्या भोकातून २ बारला मिनिटाला साधारण ०.४२ लिटर जातं, १ बारला ०.३०, ४ बारला ०.६०. इंजिनवर असताना आयडलला बार-दीड बार आणि पळताना तीन-चार बार मिळत असणार, म्हणजे मी कायम २ बार ठेवले तर मधोमध बसतो.

पंप: ०.५ सीसीचा छोटा गिअर पंप, त्याला १२ व्होल्टची मोटर, १८०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ०.९ लिटर. पाहिजे त्याच्या दुप्पट, उरलेलं रिलीफमधनं (जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्वमधनं) परत टाकीत. हायड्रॉलिकचा साधा रिलीफ व्हॉल्व २ बारवर नीट सेट होत नाही, स्प्रिंगच तेवढी जाड असते, त्यामुळे २ बारला उघडणारा इनलाईन चेक व्हॉल्व घेतला आणि तोच रिलीफ म्हणून लावायचा. रिलीफ पाहिजेच, नाहीतर जेट (तेच ०.८ चं भोक) तुंबला तर हा चिमुकला पंप होज फाडेल, मोटर जळेपर्यंत थांबणार नाही तो.

क्रम असा ठरला. टाकीतनं स्ट्रेनर, मग पंप, मग २५ मायक्रॉनचा फिल्टर, मग बाईकचा ऑईल कूलर, मग ॲल्युमिनियमचा ब्लॉक (त्यावर गेज, प्रेशर स्विच आणि रिलीफ), मग जेट, मग ब्लोअर, आणि तिथनं आपल्या वजनाने खाली टाकीत. कूलर परतीच्या बाजूला लावायचा मोह होतो कारण गरम ऑईल तिकडंच असतं, पण परतीला ढकलणारं कुणी नाही, कूलरच्या बारीक नळ्यांतनं ते जाणारच नाही. म्हणून तो प्रेशरच्या बाजूला.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आट्यांनी दिवस खाल्ला. ब्लोअरचं फीडचं भोक १/८ एनपीटी (अमेरिकन आटा), आपल्याकडं सगळीकडं १/८ बीएसपी (ब्रिटिश आटा). दिसायला सारखंच, दोन-तीन आटे आरामात जातात सुद्धा, मग अडकतं आणि माणूस पाना घालून जोर लावतो. एनपीटीला इंचाला २७ आटे आणि कोन ६० चा, बीएसपीला २८ आटे आणि ५५ चा, ॲल्युमिनियमच्या बॉडीत जोर लावला की आटे गेलेच. अर्ध्या इंचाला तर दोन्हीचे १४ आटे, तिथं ते पूर्ण बसतं आणि तरी गळतं. मामांनी पितळेचा ॲडॉप्टर लेथवर करून दिला, एका बाजूला एनपीटी, दुसऱ्या बाजूला बीएसपी, मध्ये जेट. ०.८ चे दोन ड्रिल मोडले, तिसऱ्याने भोक पडलं.

टेफ्लॉन टेप कुठंही लावली नाही. तिचा एक धागा सुटला तरी ०.८ चं भोक बंद. आट्यांना पातळ सीलंट, पहिला आटा कोरडा सोडून. समांतर आट्याच्या जागी डावटी वायसर (आतनं रबर चिकटवलेलं). प्रेशर स्विच मारुतीचाच घेतला, त्याचा आटा बीएसपीचा टेपर, ब्लॉकमध्ये सरळ बसला.

२५ फेब्रुवारी, रविवार

टाकी झाली. सिलिंडरच्या होन केलेल्या ट्यूबचा तुकडा पडलेला, १०० बोअर, ३५० लांब. भिंत साडेसात एमएमची, नुसता तुकडाच सात किलोचा, म्हणून बाहेरनं टर्निंग करून अडीचपर्यंत आणला. मामा म्हणाले थरथर येणार, आत लाकडाचा गोल ठोकून बसवला तेव्हा कुठं फिनिश मिळालं. आता सव्वादोन किलो. परतीचं तोंड बाजूनं तिरकं वेल्ड केलं, ऑईल भिंतीला घासत गोल फिरत खाली जावं, हवा मधनं वर निघावी. गिअर ऑईलला घुसळून ताक करतात, ते फेसाळ ऑईल तसंच पंपाला गेलं तर पंप हवा ओढणार. वर फिल्टरचा ब्रीदर, खाली लोहचुंबकाचा ड्रेन प्लग.

ऑईल २ लिटर, ५डब्ल्यू-३० फुल्ली सिंथेटिक. कारखान्यात ६८ नंबर हायड्रॉलिक ऑईलचा बॅरल उभाच आहे, दोघातिघांनी विचारलं तेच का नाही घालत म्हणून. १०० अंशाला ६८ नंबर साधारण पावणेनऊ सेंटिस्टोकवर येतं, ३० ग्रेडचं इंजिन ऑईल ९.३ च्या खाली जात नाही, म्हणजे जाडीत फार अंतर नाही, पण हा ब्लोअर इंजिन ऑईल गृहीत धरून बनवलाय, त्याच्या गिअरला लागणारी रसायनं त्यातच असतात. फुकटचं आहे म्हणून घालायचं नाही.

३ मार्च, रविवार

ब्लोअर अजून गाडीवर चढवला नाही, टेबलावर सगळं जोडून पंप चालू केला. सात सेकंदात गेज हलली, २.१ बार. जेटच्या पुढं मोजपात्र धरलं: सकाळी थंड असताना मिनिटाला ३४० मिली, हीटरने ६० अंशावर नेल्यावर ४१०. हिशेबाच्या एवढं जवळ आल्यावर मला जो आनंद झाला तो लिहून सांगता येणार नाही. मग ब्लोअरला जोडलं आणि परतीच्या पाईपाच्या तोंडाशी मामा टॉर्च घेऊन वाकून बसले, अर्धा मिनिट काहीच नाही, आणि मग ओरडले, "बंतु, एण्णी बंतु!" (आलं, तेल आलं!)

तिसऱ्या गेटाजवळच्या टपरीवर चहा पाजला त्यांना, आणि घरी जाताना कुंदा घेतला.

१० मार्च, रविवार

गाडीवर चढवला. वायरिंग: चावी ऑन केली की रिलेमधनं पंप सुरू, १० अँपिअरचा फ्यूज, थंड ऑईलला मोटर ५ अँपिअर घेते, गरम झाल्यावर ३. स्टार्टर मारायच्या आधी दहा सेकंद थांबायचं, म्हणजे बेअरिंग ओले झाल्यावरच फिरतात, इंजिनच्या ऑईलवर असता तर ही सोय मिळालीच नसती. प्रेशर गेलं की लाल दिवा आणि बझर. बंद करताना मात्र थांबायची गरज नाही, टर्बोसारखा एक्झॉस्टचा जाळ इथं नसतो, इंजिन थांबलं की ब्लोअर पण थांबला.

दुपारी चार वाजता इंजिन सुरू केलं. दोन मिनिटं छान. तिसऱ्या मिनिटाला सायलेन्सरमधनं निळा धूर, नंतर इतका की शेजारच्या शेडमधले लोक बाहेर आले. बंद केलं. ब्लोअरच्या तोंडाचा पाईप काढला तर इंपेलरच्या घरात ऑईलचं थारोळं. गेज शेवटपर्यंत दोन बारच दाखवत होती, बझर गप्प.

रात्री झोप नाही आली. सील गेलं असेल तर ते सील इथं मिळणार नाही.

१२ मार्च

सील गेलेलं नाही. ब्लोअर खोलला, ओठ व्यवस्थित, स्प्रिंग जागेवर. मग ऑईल आलं कसं? गिअरच्या घरात ऑईल साचलं, वर चढलं, सीलच्या पातळीच्या वर गेलं आणि वाट काढली. म्हणजे जेवढं मी घालतोय तेवढं खाली जात नव्हतं.

दोष सापडला तो माझ्या एल्बोत. ब्लोअरच्या ड्रेनला (ऑईल खाली परत जातं त्या तोंडाला) जो ९० अंशाचा एल्बो लावला तो हायड्रॉलिकचा, बाहेरनं अर्ध्या इंचाचा दणकट, पण आत भोक ६ एमएम. आमच्या धंद्यात ते चालतं, मागं पंप उभा असतो, भोक लहान असलं तर दोन बार जास्त जातात इतकंच. इथं मागं कोणी नाही. ब्लोअरचा ड्रेन आणि टाकीचं तोंड यांच्यात फक्त १२ सेंटिमीटर उंचीचा फरक, तेवढंच बळ. थंड ५डब्ल्यू-३० पन्नास एमएम लांबीच्या ६ एमएम भोकातून मिनिटाला ०.४ लिटर जायलाच बारा-तेरा सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे फेस नसता तरी जेमतेम, आणि फेसाळलेलं ऑईल तर जास्तच जागा मागतं. टेबलावर चाललं कारण तिथं एल्बो नव्हता, सरळ नळी होती आणि गिअर फिरत नव्हते.

पंधरा वर्षं ऑईल ढकलायचंच काम केलं. ते परत येतं कसं हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, टाकीला जाड पाईप जोडला की झालं. या कामात पंप, फिल्टर, जेट, स्विच यांच्यावर पाच रविवार घातले आणि ड्रेनवर पाच मिनिटं. उलटं करायला पाहिजे होतं.

नवीन एल्बो मामांनी पाईप वाकवून केला, आत १४ एमएम सलग, कुठं पायरी नाही. अडथळा भोकाच्या चौथ्या घाताने कमी होतो, ६ चं १४ झालं म्हणजे जवळजवळ तीस पटीने कमी. होज पण बदलली, मध्ये कुठंही खाली झोळ पडून परत वर चढत नाही ना हे बोट फिरवत फिरवत तपासलं, झोळ पडला की तिथं ऑईल बसून राहतं आणि हवेची वाट बंद होते.

१७ मार्च, रविवार

वीस मिनिटं आयडल, मग ३००० वर दहा मिनिटं, धूर नाही. ड्रेनच्या होजमध्ये वीतभर पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता घातलाय, त्यातनं अर्धी नळी ऑईल आणि अर्धी हवा अशी जाताना दिसते, ती अर्धी हवा दिसणं फार महत्त्वाचं.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. प्रेशर स्विच जेटच्या आधी आहे. जेट तुंबला तर प्रेशर कमी होणार नाही, उलट दोन बार तसेच उभे राहणार, बझर वाजणार नाही, आणि ब्लोअर कोरडा. दिवा लागला नाही म्हणजे सगळं बरोबर असं धरून चालता येत नाही. ड्रेनच्या तोंडाशी तापमानाचा सेन्सर लावला आणि डॅशवर छोटा डिस्प्ले. ऑईल येत असेल तर तिथला आकडा हळूहळू चढतो, यायचं थांबलं तर बॉडी गरम आणि आकडा वेडावाकडा. हे स्विचपेक्षा खरं बोलतं.

२३ मार्च, शनिवार

गाडी टेम्पोवर घालून येळ्ळूरच्या बाजूला दाजींच्या शेतात नेली. भात काढून शिवार मोकळं, मागं राजहंसगड, वाऱ्याला धूळ. सपाटीला गाडी काय पळाली म्हणून सांगू, ०.३५ बारचं बूस्ट (ब्लोअरने वाढवलेला हवेचा दाब), बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर असल्यामुळे इथं इंजिनला एरवीच हवा सात-आठ टक्के कमी मिळते, ती सगळी भरून निघून वर शिल्लक. दाजी शेजारी बसलेले, हँडल घट्ट धरून म्हणाले, "हळू की रे, बांध आला!"

मग बांधावरची चढण. नाक वर करून गाडी अर्ध्यावर थांबवली, मिनिटभर उभी ठेवली, आणि परत निळा धूर. कमी होता, पण होता.

यावेळी रडू नाही आलं, तिथंच बांधावर बसून वहीत चित्र काढलं. टाकी ब्लोअरच्या ५०० एमएम पुढं, हेडलाईटच्या मागं. गाडी पंधरा अंश नाक वर केली की पुढची टाकी ब्लोअरच्या तुलनेत १३ सेंटिमीटर वर उचलली जाते. माझ्याकडं उंची १२. म्हणजे चढावर ऑईलला चढ चढायला सांगतोय मी. दाजी म्हणाले, "पाणी पण आपल्या शेतात असंच करतंय, पाट कितीही मोठा खण, वाफा उंच असला तर जात नाही." बरोबर तेच.

दोन मार्ग: ड्रेनवर ओढणारा दुसरा पंप लावायचा, किंवा टाकी हलवायची. दुसरा पंप म्हणजे आणखी एक मोटर, ती बंद पडली की परत हेच. टाकी हलवणार.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

सकाळी गुढी, पुरणपोळी, आणि दुपारी दोनला कारखान्यात, आई काही बोलली नाही पण बघितलं तिने.

नवी टाकी १२५ बोअरची, बुटकी, २३० उंच. ऑईल १.८ लिटर, पातळी १४७ एमएमवर, परतीचं तोंड १९० वर. ब्लोअरच्या जवळजवळ खाली, चासीच्या आतल्या अंगाला, मधलं आडवं अंतर फक्त १५०. सपाटीला उंचीचा फरक १२ वरनं २३ सेंटिमीटर झाला, वीस अंश नाक वर केलं तर त्यातले पाच जातात, अठरा उरतात. ब्रॅकेट चार बोल्टचा, खाली ४ एमएमचा पत्रा, दगड लागला तर त्याला लागेल. स्टीयरिंग दोन्ही बाजूला पूर्ण फिरवून बघितलं, जॅकवर एक एक चाक उचलून ॲक्सल वर आणून बघितला, बोटभर जागा राहते.

जुन्या टाकीचं ऑईल काढलं तेव्हा चुंबकाला बारीक राखाडी मळ, बोटात चोळला तर टोचत नाही, कण नाहीत. फिल्टर कापून उघडला, स्वच्छ.

१४ एप्रिल, रविवार

परत येळ्ळूर. ऊन ३६ अंश. तीच चढण, नाक वर, यावेळी पाच मिनिटं उभी केली आणि मध्येच ४००० पर्यंत रेस दिली. मामा मागं सायलेन्सरजवळ पांढरा रुमाल धरून उभे. रुमाल दाखवला, कोरडा. मग उतारावर, मग आडव्या उतारावर दोन्ही बाजूंनी. काही नाही.

अर्धा तास सलग पळवल्यावर ड्रेनचं तापमान ८४ वर जाऊन थांबलं. कूलरला जुनी वही आडवी लावून हवा बंद केली तर ९७ पर्यंत गेलं, वही काढली की दहा मिनिटांत परत ८६. म्हणजे बाईकचा कूलर पुरतो. प्रेशर गरम असताना १.९.

दाजींनी एकट्याने दोन फेऱ्या मारल्या, परत आल्यावर चावी हातात देईनात. पारदर्शक नळी काढून तिथं कायमची होज घालायचीय, आणि कूलरच्या ब्रॅकेटला रबरी बुश. मामा म्हणतात नळी राहू दे अजून एक महिना, त्यांना ते ऑईल परत जाताना बघायला आवडतं. मलाही. पण ती नळी उष्णतेची नाही, मंगळवारी काढणार.